‘मान्य’ दाबल्यानंतर

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी कपड्यांच्या नाहीतर भांड्यांच्या दुकानातलं बिल हातात घ्या. वर देवाचं नाव, मग मालाची यादी, आणि अगदी तळाशी बारीक अक्षरांत तीन ओळी: ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’, ‘न्यायक्षेत्र अमुक’, ‘चू. भू. द्या. घ्या.’ यातली तिसरी ओळ तेवढी सभ्य आहे. चूक दोघांच्याही हातून होऊ शकते आणि ती दोघांनी मिळून निस्तरावी, एवढी समज तिच्यात आहे. पहिल्या ओळीला मात्र कायद्याचा आधार नाही. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि बिलात मुदतच नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. दुसरी ओळही अशीच पोकळ. ग्राहक जिथे राहतो किंवा पोटापाण्याचं काम करतो, तिथल्या आयोगात तो तक्रार करू शकतो. दुकानदाराच्या गावी खेटे घालण्याची सक्ती त्याच्यावर नाही. तरी या ओळी वर्षानुवर्षं छापल्या जातात. छापायला खर्च येत नाही, आणि छापलंय म्हणजे खरंच असणार असं वाटणारी माणसं पुष्कळ असतात.

छापलेली अट वेगळी आणि बंधनकारक अट वेगळी, हे दुकानाच्या बाबतीत आपल्याला थोडंफार उमगलेलं असतं. नवा सदरा पहिल्याच धुण्यात उसवला तर माणूस बिलाची तळओळ न बघता तडक दुकान गाठतो आणि भांडतो. फोनच्या बाबतीत हे भांडण सुरू होण्याआधीच संपतं. ‘तुम्हीच तर ओके केलंत’ एवढं ऐकलं की आपण गप्प. या प्रकरणात मला त्या गप्प बसण्याबद्दल बोलायचं आहे, कारण ते बटण आपण समजतो तितकं वजनदार नाही.

आधी वाचण्याचा प्रश्न निकालात काढू. मे २०१६ मध्ये नॉर्वेच्या ग्राहक परिषदेने एक खोडसाळ कार्यक्रम केला. सर्वसाधारण नॉर्वेजियन माणसाच्या फोनवर सापडतील अशी ३३ अ‍ॅप घेतली आणि त्यांच्या अटी-शर्ती मोठ्याने, थेट प्रक्षेपणात, आलटून पालटून वाचायला माणसं बसवली. वाचन संपायला जवळजवळ ३२ तास लागले. उत्तर अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी, जोनाथन ओबार आणि अ‍ॅन ओल्डॉर्फ-हिर्श यांनी, याहून पुढची मजल मारली. त्यांनी ‘नेमड्रॉप’ नावाचं एक खोटंच समाजमाध्यम तयार केलं आणि ५४३ विद्यार्थ्यांना त्यावर नाव नोंदवायला सांगितलं. अटींमध्ये एक कलम होतं: सेवेचा मोबदला म्हणून पहिलं अपत्य कंपनीच्या हवाली करावं लागेल. ९८ टक्के विद्यार्थ्यांच्या ते लक्षातही आलं नाही. जो मजकूर नीट वाचायला पाव तास लागला असता, त्यावर त्यांनी सरासरी मिनिटभरसुद्धा घालवलं नव्हतं.

यावर ‘हल्लीच्या पोरांना वाचायला नको’ असा शेरा मारणं सोपं आहे. पण वाचून तरी त्यांनी काय करायचं होतं? सही करण्याआधी कागद वाचावा, हा वडीलधाऱ्यांचा सल्ला गहाणखताला आणि भाडेकराराला लागू पडतो. तिथे समोर माणूस असतो. त्याला ‘हे कलम काढा, मग सही करतो’ असं म्हणता येतं. फोनच्या पडद्यावर तशी सोय नाही. सातवं कलम सोडून बाकीची मान्य आहेत, असं सांगायला तिथे जागाच ठेवलेली नसते. त्यामुळे बत्तीस तास खर्चून सगळं वाचणारा आणि एकही ओळ न वाचणारा शेवटी एकच बटण दाबतात. न वाचणं हा आळस नाही, तो हिशेब आहे, आणि मला तो हिशेब बरोबरच वाटतो.

न वाचलेला करार बंधनकारक कसा झाला, याची गोष्ट फोनच्या आधीची आहे. १९९० च्या दशकात सॉफ्टवेअर खोक्यात मिळायचं. खोक्यावर पारदर्शक कागद ताणून बसवलेला असे, आणि तो फाडला की करार मान्य, असं आतल्या पत्रकात लिहिलेलं असे. म्हणजे करार वाचायला कागद फाडायचा, आणि कागद फाडला की करार झालेला! अमेरिकेत प्रोसीडी नावाच्या कंपनीने ३,००० हून अधिक टेलिफोन डिरेक्टऱ्या एकत्र करून त्यांची सीडी काढली होती. या कामावर तिचे एक कोटी डॉलरहून जास्त खर्च झाले होते. घरगुती ग्राहकाला ती सीडी १५० डॉलरला मिळे, व्यापाऱ्यांना दर जास्त. विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहरात एकाने घरगुती सीडी घेतली आणि तीतली माहिती इंटरनेटवर स्वस्तात विकायला काढली. फोन नंबरांच्या यादीवर कॉपीराइट सांगता येत नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच ठरवून टाकलेलं होतं. म्हणून कंपनीने खोक्यातल्या कराराचा आधार घेतला. खालच्या न्यायालयात ती हरली, पण जून १९९६ मध्ये अपिलात न्यायाधीश फ्रँक ईस्टरब्रुक यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: सॉफ्टवेअर चालू करताना करार पडद्यावर येत होता, मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं, आणि ज्याला तो मान्य नसेल त्याला माल परत करण्याची मुभा होती.

आजच्या ‘मान्य’ बटणाचं मूळ इथे आहे. निकालाचा शेवटचा भाग, म्हणजे पटलं नाही तर परत करा, तेवढा मात्र वाटेत गळून पडला. नवा फोन घरी आणून चालू केलात, कंपनीचं गोपनीयता धोरण वाचलंत, ते पटलं नाही म्हणून फोन पुन्हा खोक्यात घालून दुकानात गेलात, तर काउंटरवरचा मुलगा तुमच्याकडे कसा बघेल याची कल्पना करून पाहा.

भारतात इलेक्ट्रॉनिक मार्गाने झालेला करार केवळ तेवढ्या कारणाने अवैध ठरत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मध्ये २००८ च्या दुरुस्तीने घातलेलं कलम १०-अ तसं सांगतं. बाकी त्या कराराला १८७२ चा जुनाच करार कायदा लागू. पण आपल्याकडे एक गमतीदार गुंता आहे. तुम्ही पैसे मोजून घेतलेलं सॉफ्टवेअर तुमच्या मालकीचं आहे का? कंपनी म्हणते, नाही, आम्ही फक्त वापरायचा परवाना दिला आहे. आंध्र प्रदेश सरकारने तयार सॉफ्टवेअरवर विक्रीकर लावला तेव्हा टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने हाच सूर लावला होता: सॉफ्टवेअर हा माल नव्हेच. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००४ मध्ये तो फेटाळला. सीडीवर घालून बाजारात विकलं जाणारं तयार सॉफ्टवेअर हा मालच आहे आणि त्यावर विक्रीकर लागेल. पुढे मार्च २०२१ मध्ये परदेशी कंपन्यांना सॉफ्टवेअरपोटी दिलेल्या पैशांवर स्वामित्वधन म्हणून कर कापावा का, असा प्रश्न आला. न्यायालयाने सांगितलं, ही कॉपीराइटची देवघेव नाही, मालाची विक्री आहे. या वेळी कर वाचत होता, म्हणून ‘हा माल आहे’ हे म्हणणं उद्योगाला गोड लागलं. ग्राहक मालकी सांगायला गेला की मात्र त्याच वस्तूचा पुन्हा परवाना होतो.

या परवान्याचा खरा अर्थ जुलै २००९ मध्ये अमेरिकेतल्या काही किंडल वाचकांना समजला. एके दिवशी त्यांच्या यंत्रातून विकत घेतलेली दोन पुस्तकं नाहीशी झाली. ज्याने ती दुकानात ठेवली होती त्याच्याकडे हक्कच नव्हते, हे लक्षात आल्यावर अ‍ॅमेझॉनने पैसे परत केले आणि प्रती दुरूनच पुसून टाकल्या. एकाच्या अभ्यासाच्या टिपणांचाही त्यात बोजवारा उडाला. ती पुस्तकं होती जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ आणि ‘अ‍ॅनिमल फार्म’. कादंबरीकाराला असा योग सुचला असता तर संपादकाने तो अतिशयोक्ती म्हणून कापला असता. जेफ बेझोस यांनी जाहीर माफी मागितली.

आता आपल्या न्यायालयांकडे वळू, कारण या प्रश्नावरचा एक फार महत्त्वाचा निकाल कॉम्प्युटरशी काडीचा संबंध नसलेल्या खटल्यात आला. कोलकात्याच्या एका सरकारी जलवाहतूक महामंडळाच्या नियमांत कायम अधिकाऱ्यालाही तीन महिन्यांची नोटीस देऊन, कारण न सांगता, घरी पाठवण्याची तरतूद होती. अधिकाऱ्यांनी नोकरीत येताना ती मान्य केलेली होती. एप्रिल १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. निकालपत्र लिहिलं होतं न्या. डी. पी. मादन यांनी. हे मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती. १९७० च्या भिवंडी-जळगाव दंगलींवरच्या चौकशी आयोगामुळे त्यांचं नाव महाराष्ट्राला आधीच ठाऊक होतं. निकालाचा गाभा असा की, दोन पक्षांच्या ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक असेल, दुबळ्यापुढे छापील नमुन्यावर सही करण्यावाचून दुसरा मार्गच नसेल आणि अटी अन्याय्य असतील, तर अशी अट सार्वजनिक धोरणाविरुद्ध, म्हणून करार कायद्याच्या कलम २३ खाली निरर्थक ठरते. दोन तुल्यबळ व्यापाऱ्यांच्या सौद्याला मात्र हे तत्त्व लागू नाही, हेही त्यांनी स्पष्ट केलं. सामान्य माणूस आणि अब्जावधी डॉलरची सॉफ्टवेअर कंपनी हे दोघं यातल्या कुठल्या गटात बसतात हे सांगायला वकील लागत नाही.

२०१९ च्या ग्राहक कायद्याने ‘अन्यायकारक करार’ अशी स्वतंत्र व्याख्याच केली. करार मोडल्यास नुकसानीच्या मानाने भरमसाट दंड, वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याचा अधिकार, ग्राहकाच्या संमतीवाचून त्याला तोटा होईल अशा रीतीने करार तिसऱ्याच्या गळ्यात घालणं, ग्राहकावर अवाजवी बोजा टाकणारी कुठलीही अट, हे सगळं तिच्यात येतं. कुठलंही अ‍ॅप उघडून त्याच्या अटी या व्याख्येशी ताडून बघा. एखादा तरी मासा गळाला लागतोच. वाद फक्त लवादापुढे, तोही परदेशात, असं कलम अनेक करारांत असतं. ते असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये एमार एमजीएफ या बांधकाम कंपनीच्या प्रकरणात कायम केलं आहे.

कायद्यात दोन अडचणी मात्र आहेत. अन्यायकारक कराराबद्दलची तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही. त्यासाठी राज्य आयोग किंवा राष्ट्रीय आयोग गाठावा लागतो. दुसरी अडचण मोठी. या कायद्याने ‘सेवा’ या शब्दाच्या व्याख्येतून फुकट दिलेली सेवा वगळली आहे. फुकट औषधपाणी करणाऱ्या दवाखान्यांना कोर्टात खेचलं जाऊ नये, अशा हेतूंसाठी ती सूट समजण्यासारखी आहे. पण आज जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्यांपैकी काही नेमक्या ‘फुकट’ सेवा देऊनच श्रीमंत झाल्या आहेत. ग्राहक पैसे मोजत नाही, माहिती मोजतो. ही किंमत किंमत मानायची की नाही, यावर सगळं अडून बसतं.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण व्हॉट्सअ‍ॅप. फेसबुकने फेब्रुवारी २०१४ मध्ये ही कंपनी १९ अब्ज डॉलरला घेत असल्याचं जाहीर केलं. खासगीपणा जपला जाईल, असं तेव्हा सांगितलं गेलं. युरोपीय आयोगापुढे फेसबुकने सांगितलं की दोन्ही ठिकाणची खाती आपोआप जुळवणं शक्य नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने धोरण बदललं आणि वापरकर्त्यांची माहिती फेसबुककडे जाऊ लागली. युरोपने या दिशाभूल करणाऱ्या माहितीबद्दल फेसबुकला मे २०१७ मध्ये ११ कोटी युरोंचा दंड केला. भारतात दोन विद्यार्थी दिल्ली उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये निम्मा दिलासा दिला: २५ सप्टेंबरपर्यंत जे खातं बंद करतील त्यांची माहिती पुसा, आणि बाकीच्यांची त्या तारखेपर्यंतची माहिती फेसबुकला देऊ नका. त्यानंतरच्या माहितीचं काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. दरम्यान २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने, कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर, खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निकाल दिला.

मग आला जानेवारी २०२१. फोन उघडला की पडद्यावर सूचना: नवं धोरण ८ फेब्रुवारीपर्यंत मान्य करा, नाहीतर वापर बंद. त्या आठवड्यात महाराष्ट्रातल्या किती कौटुंबिक गटांत ‘चला सिग्नलवर’ अशी हाक उठली आणि पंधरवड्यात विझली, ते आठवत असेल. विझणारच होती. आत्या एका अ‍ॅपवर, सोसायटीचा गट दुसऱ्यावर, आणि मुलांच्या शाळेच्या सूचना पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपवरच. ‘पटत नसेल तर सोडून द्या, हे खासगी अ‍ॅप आहे’ अशा अर्थाचं मत दिल्ली उच्च न्यायालयातही सुनावणीत व्यक्त झालं. सर्वोच्च न्यायालयात मात्र तेव्हाचे सरन्यायाधीश, नागपूरचे शरद बोबडे यांनी कंपनीला सुनावलं की तुमच्या भांडवलापेक्षा लोकांना आपला खासगीपणा मोलाचा वाटतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने भारतातल्या व्हॉट्सअ‍ॅप वापरकर्त्यांचा आकडा दिला: ५३ कोटी. एवढ्या लोकांना ‘सोडून द्या’ म्हणणं हे कायद्याचं उत्तर असेल, व्यवहाराचं नव्हे.

पुढची हकिकत फार लोकांपर्यंत पोहोचली नाही. मुदत १५ मेपर्यंत वाढली, आरडाओरडा झाला, आणि २२ मे २०२१ रोजी कंपनीने सरकारला लेखी कळवलं की धोरण मान्य न करणाऱ्यांची सेवा मर्यादित केली जाणार नाही. तोवर बहुतेकांनी घाबरून बटण दाबलेलं होतं. १ फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कंपनीला आदेश दिला की हे आश्वासन पाच राष्ट्रीय वृत्तपत्रांत पानभर जाहिरात देऊन, दोन वेळा, लोकांना सांगा. जी गोष्ट अ‍ॅपमधल्या एका सूचनेने ५३ कोटी लोकांना फुकटात सांगता आली असती, ती कागदावर छापून सांगावी लागली. धाक घालायला पडदा, आणि सूट कळवायला वर्तमानपत्र!

बरं, ग्राहक कायद्याला जे जमलं नाही ते स्पर्धा कायद्याने केलं. भारतीय स्पर्धा आयोगाने मार्च २०२१ मध्ये स्वतःहून चौकशी लावली आणि १८ नोव्हेंबर २०२४ रोजी मेटाला, म्हणजे नाव बदललेल्या फेसबुक कंपनीला, २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आयोगाचा तर्क मला फार महत्त्वाचा वाटतो. सेवा फुकट असली तरी बाजारात ज्याचं वर्चस्व आहे त्याने ‘घ्या नाहीतर चालते व्हा’ असं म्हणणं हा वर्चस्वाचा गैरवापर आहे, कारण तिथे माहितीच किमतीच्या जागी आलेली आहे. जाहिरातींसाठी माहिती वळवायला पाच वर्षं बंदी, असाही आदेश होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने ती बंदी उठवली, दंड मात्र कायम ठेवला. फुकट सेवेच्या पळवाटेला पडलेलं हे पहिलं मोठं भगदाड.

इथे जाता जाता एका जुन्या मराठी संस्थेची आठवण काढतो. बिंदुमाधव जोशी यांनी १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू केली तेव्हा एकेकट्या घराने वाण्याशी घासाघीस करण्याऐवजी अनेक घरांनी मिळून वाणसामान घ्यायचं, ही तिची पद्धत होती. एकट्याची मागणी व्यापाऱ्याने ऐकली नसती. सॉफ्टवेअरच्या करारात वाटाघाट करायला एकटा माणूस असमर्थ आहे हे एकदा मान्य केलं, तर ती त्याच्या वतीने कुणीतरी केली पाहिजे. आज ते काम आयोग आणि नियामक करत आहेत, सावकाश का होईना.

फुकट सेवेत निदान थेट चटका बसत नाही. कर्ज देणाऱ्या अ‍ॅपनी तोही दिला. टाळेबंदीच्या काळात पाच-दहा हजारांच्या झटपट कर्जाची अ‍ॅप बोकाळली. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला २०२१ च्या पहिल्या दोन महिन्यांत भारतातल्या अँड्रॉइड फोनसाठी अशी सुमारे १,१०० अ‍ॅप सापडली, आणि त्यातली ६०० च्या आसपास बेकायदा होती. त्यांचं तंत्र साधं होतं. कर्ज देण्याआधी फोनमधली नावनोंदीची यादी आणि फोटो यांची परवानगी मागायची. हप्ता चुकला की यादीतल्या प्रत्येकाला संदेश: अमक्याने पैसे बुडवले. त्याबरोबर विकृत करून जोडलेले फोटो. तारण म्हणून इथे सोनं नव्हतं, अब्रू होती. आणि ‘परवानगी तुम्हीच दिलीत’ हे उत्तर इथेही तयार होतं.

पण नीट बघा, ती परवानगी देणारा कोण आणि माहिती कुणाची? कर्ज घेणाऱ्याने फार तर स्वतःची माहिती द्यावी. त्याच्या यादीतल्या मामांनी, वर्गमित्रांनी, जुन्या मॅडमनी कधी, कुठल्या बटणावर बोट ठेवलं होतं? संमतीचा सगळा डोलारा इथे कोसळतो. रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ च्या नियमांत कर्ज अ‍ॅपना नावांची यादी, कॉलच्या नोंदी, फोटो-फाइल यांना हात लावायलाच मनाई केली. कॅमेरा, माइक, ठावठिकाणा यांना ओळख पटवण्यापुरती, एकदाच, तीही संमती घेऊन परवानगी. इथे ग्राहकाच्या संमतीने काही फरक पडत नाही. तो हो म्हणाला तरी यादी घेता येत नाही. हाच या नियमाचा मोठेपणा. माझ्या मते गोपनीयतेच्या बाबतीत चांगले नियम असेच असतात: ते माणसाच्या सावधपणावर विसंबत नाहीत.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ याच दिशेने काही पावलं टाकतो. कायद्याच्या मजकुरातच एक उदाहरण दिलं आहे. दुरून वैद्यकीय सल्ला देणारं अ‍ॅप एका बाईंकडे उपचारासाठी माहिती मागतं आणि सोबत फोनमधल्या नावांची यादीही मागतं. बाई दोन्हीला हो म्हणतात. कायदा म्हणतो, उपचाराला यादीची गरज नाही, म्हणून ती संमती उपचारापुरतीच धरली जाईल. दुसऱ्या उदाहरणात एक विमा कंपनी पॉलिसी देताना ‘मी डेटा संरक्षण मंडळाकडे तक्रार करणार नाही’ असं मान्य करून घेते. तेवढा भाग रद्द, पॉलिसीबद्दलची बाकीची संमती शाबूत. थोडक्यात, न वाचता दाबलेल्या बटणातलं अनावश्यक ते कायदा स्वतःच गाळून टाकतो. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल, म्हणजे मराठीतही. संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. कंपन्यांवरची मुख्य बंधनं १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात.

कायद्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सरकारने आपल्या यंत्रणांसाठी सवलतींची दारं सताड उघडी ठेवली आहेत. कंपनीला २५० कोटींपर्यंत दंड होऊ शकतो, पण तो सरकारी तिजोरीत जातो. ज्या माणसाची माहिती फुटली त्याला या कायद्याखाली एक रुपयाही भरपाई नाही. उलट त्याने खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली असं ठरलं तर त्यालाच १०,००० रुपयांपर्यंत दंड. आजवर माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ४३-अ अशा भरपाईचा आधार होतं. नवा कायदा पूर्ण अमलात आला की ते कलमही निघून जाईल.

मग भरपाई मागायची कुठे? ग्राहक संरक्षण कायद्याच्या अनुचित व्यापारी प्रथांच्या यादीत एक कलम आहे, ज्याकडे फारसं कुणी बघत नाही. ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याच्या आधाराशिवाय दुसऱ्याला देणं हीही अनुचित व्यापारी प्रथा आहे. मॉलमध्ये बिल करताना मोबाइल नंबरसाठी अडून बसणंही याच कायद्यात बसत नाही. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने व्यापारी संघटनांना तसं कळवलं आहे. नंबर नसला तर बिल निघत नाही, असं सांगणाऱ्या रोखपालाला हे शांतपणे ऐकवावं. तो सहसा एखादा ठरलेला नंबर टाकून बिल काढतो. सोय त्याला माहीत असते.

पडद्यावरच्या लबाड्यांसाठीही आता नावानिशी नियम आहेत. आधीच बरोबरची खूण केलेला चौकोन ही संमती नव्हे, हे २०२० च्या ई-व्यापार नियमांत आलं. ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी अशा १३ क्लृप्त्यांवर बंदी घातली. न विचारता खरेदीत घुसवलेली देणगी, शेवटच्या पायरीवर उगवणारं शुल्क, घ्यायला एक टिचकी आणि बंद करायला दहा पडदे लागणारी वर्गणी, विमा नको म्हटलं की ‘मी असुरक्षित राहीन’ असं आपल्याच तोंडून वदवून घेणारं बटण, ही त्यांतली काही. तिकीट काढताना यातली एखादी दिसली की पडद्याचा फोटो काढून ठेवावा. अटींचीही प्रत ठेवावी, कारण त्या कंपनीला हवं तेव्हा बदलतात आणि वादाच्या वेळी समोर येते ती नवी आवृत्ती.

पहिला फोन १९१५ वर करावा. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, तिथे मराठीत बोलता येतं, आणि पुष्कळ कंपन्या तिथून विचारणा गेली की पैसे परत करून मोकळ्या होतात. नाहीच झालं तर जिल्हा आयोग, आणि तक्रार अन्यायकारक कराराबद्दलच असेल तर राज्य आयोग. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही, अर्ज ऑनलाइन देता येतो, आणि सुनावणी व्हिडिओवर मागता येते. समोरून उत्तर येईल की ग्राहकाने आमच्या अटी मान्य केल्या होत्या. ते येऊ द्यावं; आयोगापुढचा प्रश्न त्या अटी वाजवी होत्या का हा असतो.